‘तात्पुरता’ या शब्दाविषयी

वर्गात व्याकरण शिकवताना मी अनेक वर्षे सांगत आलो, की काळ क्रियापदाला असतो. विशेषणाला तो नसतो. हे विधान डळमळले ते मुलीच्या जन्माच्या दिवशी.

सिझेरियन आधीच ठरलेले होते. कळा सुरू झालेल्या नव्हत्या. मुलगी खणखणीत रडली आणि तासाभरातच तिला धाप लागली. नाकपुड्या फुलत होत्या, प्रत्येक श्वासाबरोबर फासळ्यांखालची कातडी आत ओढली जात होती. परिचारिकेने पूर्ण मिनिटभर मोजून तक्त्यावर आकडा लिहिला : ८४. नवजात बाळाचे श्वास मिनिटाला साधारण ४० ते ६० असतात.

डॉक्टरांनी समजावले. गर्भात फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात. कळांच्या काळात शरीर तो शोषून घेऊ लागते. कळांवाचून जन्मलेल्या बाळात तो कधीकधी रेंगाळतो. १९६६ साली मेरी एलन एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अवस्थेचे वर्णन केले, तेव्हा नावातच ‘तात्पुरती’ हे विशेषण घातले. उपचार म्हणजे प्राणवायू, ऊब आणि शिरेतून सलाईन. एवढी धाप असताना तोंडाने दूध द्यायचे नाही. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका. बाकी वाट पाहणे. बहुधा दोन-तीन दिवसांत श्वास पूर्ववत होतो.

“म्हणजे हे तात्पुरतेच आहे ना?” मी विचारले.

“ओसरले, की तसे म्हणता येईल,” ते म्हणाले. जंतुसंसर्ग किंवा न्यूमोनियाही पहिल्या दिवशी असाच दिसू शकतो.

त्या रात्री काचेबाहेर उभे राहून मी आकडे वाचत होतो : ७८, ७२, पुन्हा ७६. शब्दांवर उपजीविका करणाऱ्या माणसाला त्या ७६वर बोलायला एकही शब्द सुचला नाही. ‘तात्पुरता’ हे विशेषण केवळ भूतकाळातच खरे ठरते. वर्तमानात ती निव्वळ आशा असते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आकडा आला ५४. दुपारी तिच्या आईने तिला प्रथमच पदराखाली घेतले.

पाचवीच्या रात्री सासूबाईंनी सटवाईसाठी पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवली. मी नमस्कार केला. डोळ्यांपुढे मात्र तो आकड्यांनी भरलेला तक्ता होता.

विशेषणांविषयीचे ते वाक्य मी आता वर्गात उच्चारत नाही.