रविवारचा बाजार आणि सात किलोंची बॅग

भिलाईच्या सुपेला भागात रविवारचा बाजार भरला, की कपड्या-भांड्यांच्या जोडीने बॅगांचेही ढीग लागतात. पोलाद कारखान्याच्या नोकरीसाठी येथे आलेली मराठी कुटुंबे पूर्वी होल्डॉल आणि पत्र्याची ट्रंक घेऊन रेल्वेने गावी जात. आता लेक पुण्याला असते आणि आजीबाई रायपूरच्या माना विमानतळावरून निघतात.

विमानात हाती न्यायच्या सामानाची मर्यादा साधारण ७ किलो, माप ५५ बाय ३५ बाय २५ सेंटिमीटर, तेही चाके-मुठीसकट. चाकांची कडक बॅग रिकामीच अडीच-तीन किलो भरते. मग साड्या, औषधे आणि नातवाचे लाडू यांच्या वाट्याला उरतात जेमतेम चार किलो! बिनचाकांची नायलॉनची मऊ बॅग किलोभरात बसते. तेव्हा दुकानदार चाके फिरवून दाखवू लागला तरी भुलू नये. आधी रिकामी बॅग उचलून पाहावी. मात्र खांदा किंवा कंबर दुखत असेल, तर दोन किलो गेले तरी चाकेच बरी.

चेन दहा वेळा ओढून पाहावी. पट्टा जिथे शिवला आहे, तिथली शिलाई आतून तपासावी. बॅग उसवते ती तिथेच. बाहेरचे खिसे ठासून भरले, की मऊ बॅगही मापाच्या चौकटीत अडते. ऐनवेळी ती सामानकक्षात द्यावी लागलीच, तर औषधे आणि पॉवर बँक आधी काढून पर्समध्ये ठेवावी. पॉवर बँक तिकडे चालत नाही.