सेव्हिलचा काळा वाफा

स्पेनच्या आंदालुसियात ऊन असं तापतं, की लातूरचा एप्रिल आठवावा. सेव्हिलच्या पश्चिमेला कारिओन दे लोस सेस्पेदेस नावाचं छोटं गाव आहे. तिथलं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र पाहायला गेलो, तेव्हा सवयीनं रुमाल नाकाशी धरला. नांदेडच्या घाटांवर वाढलेल्या माणसाला गोदावरीत उतरणाऱ्या नाल्यांचा दर्प ठाऊक असतो. इथं मात्र रुमाल खिशात परत गेला.

समोर काळ्या खड्यांचा वाफा, त्यावर पाणवनस्पतींची दाटी. हवा फुंकणाऱ्या यंत्रांची घरघर कुठंच नाही.

“यंत्र कुठंय?” मी विचारलं. सोबतच्या तंत्रज्ञानं त्या खड्यांकडेच बोट दाखवलं.

खडे वीजवाहक कोकचे, आणि राबणारे जिओबॅक्टरसारखे जीवाणू! हे जीवाणू 1987 साली डेरेक लव्हली यांना अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळात सापडले. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन आपलं शरीर प्राणवायूला देतं. हे जीव प्राणवायूवाचून जगतात आणि तेच इलेक्ट्रॉन लोहखनिजाला देतात. कोक मिळाला तर कोकला. खड्याखड्यांतून हे इलेक्ट्रॉन वरच्या हवेशीर थरात पोचतात आणि खाली घाण भराभर विघटित होत राहते. म्हणजे माझ्या पायाशी, सांडपाण्यात, खरोखर वीज वाहत होती! अल्काला विद्यापीठाचे आब्राहाम एस्तेवे-नुन्येस आणि त्यांचे सहकारी या पद्धतीला ‘मेटलँड’ म्हणतात.

आपल्याकडच्या नेहमीच्या केंद्रात जवळजवळ निम्मी वीज पाण्यात हवा फुंकण्यावरच जाते. वीज गेली किंवा बिल थकलं, की मैला थेट नदीत. इथं तो खर्चच नाही.

ही विद्या आपल्या देशाला परकी नाही. आयआयटी खरगपूरमध्ये मकरंद घांगरेकर यांच्या चमूनं मैल्यापासून वीज घेणारं जैवविद्युत शौचालय उभारलं आहे.

2016 मध्ये लातूर मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलं. असा प्रदेश वापरलेलं पाणी घाण करून सोडून देतो, हे परवडणारं नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठानं, विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयानं आणि नांदेड-लातूरच्या महापालिकांनी मिळून एका नाल्याच्या तोंडाशी असा एक वाफा करून पाहावा. जागा थोडी लागेल, इच्छा मात्र पुरेपूर हवी.