गाणं कुणी गायलं, नाव कुणाचं झालं? बोनी एमच्या एका चाहत्याचा वर्षाचा हिशेब

२३ जानेवारी २०२४ ला फ्रँक फारियन वारला. त्या दिवशी मी व्हॉट्सअॅप स्टेटसला बोनी एमच्या एका जुन्या कॅसेटचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'माझ्या बालपणाचा संगीतकार गेला.' संध्याकाळी आपल्याच एका तरुण कार्यकर्त्याचा फोन आला. "सर, जयभीम. एका जर्मन माणसासाठी एवढं हळवं व्हायचं कारण काय? वामनदादांवर लिहा की."

त्याचा प्रश्न मला लागला. चिडून मी त्याला म्हणालो, "आंबेडकरी माणसाने काय ऐकायचं याचीही आता आचारसंहिता काढणार का?" पण फोन ठेवल्यावर वाटलं, पोराने विचारलं ते चूक नाही. मी खरंच कशासाठी हळवा झालो होतो? त्या एका प्रश्नापायी २०२४ हे सगळं वर्ष मी बोनी एम ऐकण्यात, त्यांच्याबद्दल वाचण्यात आणि शेवटी येवल्याला जाऊन एक जुनं देणं फेडण्यात घालवलं. हा त्याचा हिशेब.

नव्या पोरांसाठी थोडक्यात सांगतो. बोनी एम हा १९७६ पासून गाजलेला डिस्को ग्रुप. तीन बाया, एक पुरुष. लिझ मिचेल आणि मार्शिया बॅरेट मूळच्या जमैकाच्या, मेझी विल्यम्स मॉन्टसेरातची, बॉबी फॅरेल अरुबाचा. चौघेही कॅरिबियन बेटांवरचे कृष्णवर्णीय. 'डॅडी कूल', 'मा बेकर', 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन', 'रास्पुतिन' ही त्यांची गाणी. १९७८ च्या डिसेंबरमध्ये त्यांचा कार्यक्रम थेट मॉस्कोत झाला, पण 'रास्पुतिन' म्हणायला तिथे परवानगी मिळाली नाही. तेच 'रास्पुतिन' २०२१ मध्ये रिमिक्स होऊन टिकटॉकमुळे पुन्हा जगभर नाचलं गेलं. माझ्या पोरीच्या मोबाईलमधून ते ऐकू आलं तेव्हा तिला वाटलं गाणं नवीन आहे!

माझ्यापर्यंत हे गाणं कॅसेटमधून आलं नाही, वरातीतून आलं. आम्ही मनमाडच्या रेल्वे कॉलनीत राहायचो. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये खलाशी. मामा येवल्याचे, आणि मामा बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. लाल कोट, खांद्यावर जरीच्या पट्ट्या, डोक्यावर तुऱ्याची टोपी. लग्नसराईत सुपारी घेऊन त्यांचा बँड मनमाडला आला की मी वरातीच्या मागे मागे पळायचो. गॅसबत्त्यांच्या उजेडात मामा डोळे मिटून 'रास्पुतिन' उचलायचे आणि सगळी वरात उसळायची. मामांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. टेपवर गाणं पुन्हा पुन्हा मागे घेऊन ते कानाने बसवायचे आणि वहीत सारेगम लिहून ठेवायचे. पुढे दुकानातून कोऱ्या कॅसेटवर मी बोनी एम भरून आणलं, तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की मामांची गाणी या लोकांनी चोरलीत.

पण त्याच वरातीत आणखीही काही दिसायचं. नवरदेवाचा दोस्त दहाची नोट नवरदेवावरून ओवाळायचा आणि वाजवणाऱ्याच्या तोंडासमोर नाचवायचा. फुंकर न थांबवता ती दातात धरायची. सगळे हसायचे. पंगती उठेपर्यंत बँडवाले मांडवाबाहेर बसून राहायचे. उरलंसुरलं शेवटी त्यांच्या पत्रावळीत पडायचं.

मी औरंगाबादला शिकलो, चळवळीत आलो, बोलायला शिकलो. १९९६ मध्ये गावाकडच्या एका सभेत मी जोरात बोललो. धर्मांतराला चाळीस वर्षं झाली होती. मी म्हणालो, "ज्यांना अजून दुसऱ्यांच्या वरातीपुढे वाजवायची लाज वाटत नाही, त्यांनी बाबासाहेबांचं नाव घेऊ नये." टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत मामा बसले होते. रात्री सुपारी होती म्हणून पायाशी पिशवीत लाल कोट होता. ते काही बोलले नाहीत. वर्ष-दीड वर्षात त्यांनी बँड सोडला आणि कांद्याच्या मार्केटमध्ये हमाली धरली. आई एकदा एवढंच म्हणाली, "त्याने बाजा विकला बरं का." मी ते चळवळीचं यश समजलो होतो.

आता फारियनकडे येतो. चाहता म्हणून मला हे अर्धवट माहीत होतं, यंदा नीट वाचलं. बोनी एम हा ग्रुप चार जणांनी एकत्र येऊन काढलेला नव्हता. फारियनने आधी एकट्यानेच स्टुडिओत एक गाणं रेकॉर्ड केलं. त्याला 'बोनी एम' हे नाव दिलं, तेही टीव्हीवरच्या एका ऑस्ट्रेलियन गुप्तहेर मालिकेवरून घेतलेलं. गाणं चाललं. मग टीव्हीवर दाखवायला माणसं हवीत म्हणून त्याने माणसं गोळा केली. ज्याच्या नाचावर जग वेडं झालं त्या बॉबी फॅरेलचा आवाज रेकॉर्डवर नव्हताच. तो जाड पुरुषी आवाज स्वतः फारियनचा होता. मेझीचाही आवाज रेकॉर्डवर नव्हता. लिझ आणि मार्शिया मात्र खरोखर गायल्या, त्यातही बहुतेक गाण्यांचा भार लिझवर. माणसं बदलता येत होती, बोनी एम हे नाव तेवढं पक्कं होतं. आणि त्या नावाचा कारभार फारियनच्या हातात होता.

पुढे याच माणसाने 'मिली व्हॅनिली' काढलं. तिथे समोर नाचणारे दोघे एक सूरही गायलेले नव्हते. १९९० मध्ये ते उघडकीला आलं, त्यांचा ग्रॅमी परत घेतला गेला, जगभर छी-थू झाली. कुणाची? त्या दोन कृष्णवर्णीय पोरांची. त्यातला एक, रॉब पिलाटस, १९९८ मध्ये ऐन तिशीत मेला. फारियनचा धंदा चालू राहिला.

आणि 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन'? ते गाणं मुळात बोनी एमचं नव्हेच. जमैकाच्या 'द मेलोडियन्स' या ग्रुपचं ते १९७० चं गाणं. शब्द बायबलमधल्या स्तोत्रांचे. बॅबिलॉनला गुलाम म्हणून नेलेले लोक नदीकाठी बसून रडताहेत आणि त्यांना धरून नेणारेच म्हणताहेत, तुमचं गाणं म्हणून दाखवा. जमैकाच्या रास्ताफारी लोकांसाठी बॅबिलॉन म्हणजे त्यांना चिरडणारी गोऱ्यांची सत्ता. आफ्रिकेतून साखळदंडात आणलेल्यांच्या नातवंडांचं हे गाणं होतं. फारियनने त्यातले रास्ताफारी शब्द काढले, साध्या देवाधर्माचे घातले, डिस्कोचा ठेका लावला. १९७८ मध्ये ते इंग्लंडमध्ये पाच आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं. ब्रेंट डाउ आणि ट्रेव्हर मॅकनॉटन या मूळ गीतकारांच्या नावांसोबत फारियन आणि त्याच्या सहकाऱ्याचीही नावं गीतकार म्हणून लागली.

हे वाचलं आणि मी गार पडलो. पकडून आणलेल्यांना 'गाऊन दाखवा' म्हणणाऱ्या मालकाविरुद्धचं गाणं, आणि त्याच गाण्यावर मालकी लावणारा निर्माता! माझ्या डोळ्यांपुढे दातात धरलेली दहाची नोट आली.

इथे कुणी म्हणेल, उगाच जोडू नका. जात वेगळी, वर्ण वेगळा. बरोबर आहे, आणि मीही ते एक मानत नाही. लिझला, बॉबीला पैसा, कीर्ती, विमानप्रवास मिळाला, मामांना हमाली मिळाली. फारियनला कान होता, अक्कल होती, त्याने केलेलं कामही खरं होतं. पण आपल्या पँथरने १९७२ मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं ते काही फॅशन म्हणून नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं तेही सहज नाही. दोन्हीकडे एक प्रश्न समान आहे: कष्ट कुणाचे आणि ताबा कुणाचा? आमच्या मनमाडलाच फेब्रुवारी १९३८ मध्ये रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं होतं की कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. लहानपणापासून मी हे भाषणांतून ऐकत आलो. वरातीपुढे वाजवणाऱ्या मामांच्या अंगावर हे दोन्ही शत्रू एकदमच बसलेले होते, हे मात्र मला पन्नाशीत कळलं. मी १९९६ मध्ये भाषण केलं ते त्या दोघांविरुद्ध नव्हतंच. ते मामांविरुद्ध होतं.

डिसेंबरमध्ये येवल्याला गेलो. १३ ऑक्टोबर १९३५ ची बाबासाहेबांची घोषणा जिथे झाली ते हे गाव, दरवर्षी जातो, पण मामांकडे चहापुरताच टेकायचो. या वेळी मुक्कामाला गेलो. मामा आता अठ्ठ्याहत्तरचे. पाठ वाकली आहे, कान शाबूत आहेत. मोबाईलवर 'रास्पुतिन' लावलं. आधी ते नुसते ऐकत राहिले. मग त्यांची उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलायला लागली, एकेक करून, बटणं दाबावीत तशी.

गाणं संपल्यावर मी त्यांना बॉबीची गोष्ट सांगितली. हा नाचणारा गातच नव्हता, आवाज मालकाचा होता. मला वाटलं मामा हसतील. त्यांनी विचारलं, "मग पैसे कुणाला मिळायचे?" एवढी पुस्तकं वाचून मी जिथे पोचलो होतो, तिथे हमालीत आयुष्य काढलेला माणूस एका वाक्यात पोचला.

मग मी १९९६ चा विषय काढला. मामी उठून आत गेली. मी म्हणालो, "मामा, मी त्या दिवशी चुकलो." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू बोललास ते चूक नव्हतं रे. ती नोट तोंडात धरताना मला काय गोड वाटायचं का? पण तू मला विचारलं नाहीस. सगळ्यांदेखत सांगितलंस. वाजवणं सोडायचं होतं का नोट सोडायची होती, ते मला ठरवू द्यायचं होतंस."

मित्रांनो, यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. गावकीची, जन्माने लादलेली कामं आपल्या बापजाद्यांनी सोडली. हलगी, सांगावा, मेलेली गुरं ओढणं सोडलं. ती क्रांती होती आणि तिच्याबद्दल मला तसूभरही शंका नाही. पण बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त सांगितलं ते नीट वाचा. जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीही विभागणी आहे. त्यांचा राग माणसाला जन्मभर एका कामाला बांधण्यावर होता, कामातल्या हुनरावर नव्हता. त्यांनी स्वतः उतारवयात व्हायोलिनचे धडे घेतले. भीमराव कर्डकांचे जलसे याच ढोलकी-पेटीवर गावोगाव चळवळ घेऊन गेले. मामांच्या बोटांतलं क्लॅरनेट आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत वाजू शकलं असतं. अपमान काढून कला ठेवायची होती. मी कलाच विकायला लावली.

आठवणींचंही तसंच आहे. बाजारात आज जुन्या गाण्यांच्या हळवेपणाला फार भाव आहे. रिमिक्स निघतात, जुने ग्रुप पुन्हा उभे राहतात, बोनी एमच्या नावाने वेगवेगळे ताफे फिरतात. त्या हळवेपणात चमकी, ठेका आणि आपलं हरवलेलं बालपण येतं. ज्याच्या घशातून ते निघालं त्याचं नाव मात्र येत नाही. मी बोनी एम ऐकणं सोडणार नाही. पण आता लिझ मिचेलचा आवाज लागला की तिचं नाव घेतो आणि 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' ऐकताना मेलोडियन्सचं नाव पोरीला सांगतो. ३० डिसेंबरला बॉबी फॅरेलचा स्मृतिदिन असतो. २०१० मध्ये रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये, कार्यक्रम करून आल्यावर, हॉटेलच्या खोलीत तो वारला. खऱ्या रास्पुतिनचा खून त्याच शहरात, त्याच तारखेला झाला होता. शेवटपर्यंत तो त्याच गाण्यावर पोट भरत होता. यंदा त्या दिवशी मी पुन्हा स्टेटस टाकला. फारियनचा नाही, बॉबीचा.

आता त्या तरुण मित्राला माझं उत्तर. वामनदादांवर लिहीन, नक्की लिहीन. पण तू एक कर. तुझ्या घरात भीमगीतांच्या जुन्या कॅसेटी असतील. वेष्टनावर गायकाचं नाव आणि फोटो असेल. ढोलकी कुणी वाजवली, पेटीवर कोण होतं, कोरसमधल्या बाया कोण, हे बघ. बहुतेकदा सापडणार नाही. त्यातले काही जण अजून जिवंत आहेत, तुझ्याच वस्तीत असतील. जा, विचार, नावं लिहून घे. किती पैसे मिळाले तेही विचार. आणि येत्या १४ एप्रिलला तुमच्या मंडळाने बँड किंवा गायनपार्टी बोलावली तर तीन गोष्टी पाळा. बिदागी वाजवण्याआधी द्या. माईकवरून प्रत्येक वादकाचं नाव घ्या. आणि जेवणाची पहिली पंगत त्यांची बसवा.

येवल्याच्या मंडळाच्या पोरांशी मी बोललो आहे. एक जुनं क्लॅरनेट मिळालंय, पॅड बदलायला दिलंय. मामा म्हणतात, आता दम पुरत नाही. मी त्यांना काही सांगितलं नाही. या वेळी फक्त विचारलं. ते म्हणाले, "बघू."

जय भीम.