वही मिटून वाचताना

पहाटे पाचला पवित्र शास्त्र उघडलं आणि सवयीने हात वहीकडे गेला. रविवारच्या संदेशासाठी मुद्दे हवेत! पाळक झाल्यापासून माझं वाचन असंच होत आलंय. सगळं मंडळीसाठी वेचायचं, स्वतःच्या ताटात काहीच वाढून घ्यायचं नाही. आज वही मिटून ठेवली.

लूकचा दहावा अध्याय. मार्था राबते आहे, मरीया प्रभूच्या पायांशी बसली आहे. मार्थाचे कष्टही प्रेमाचेच होते. पण मीसुद्धा इतकी वर्षं त्याचा आवाज स्वयंपाकघरातूनच ऐकत आलो, हे जाणवलं आणि डोळे भरून आले.

पंडिता रमाबाई आठवल्या. केडगावच्या मुक्तिसदनात शेकडो निराधार बायका-मुलींचा भार वाहताना त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला, बायबल साध्या मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, त्याआधीची कित्येक वर्षं या कामाला दिली. भाषांतर करणाऱ्याला शब्दाशब्दापाशी थांबावं लागतं. मला तसं थांबायला शिकायचंय.

उजाडलं तेव्हा पाचच वचनं वाचून झाली होती. संदेश अजून सुचलेला नाही. प्रभो, उद्याही मला असंच बसवून ठेव.