सर्व्हिस बुकात न लिहिलेल्या लढती

आमच्या वस्तीत हाताला ग्लोव्हज बांधणारा पोरगा एकही नाही, पण बॉक्सिंगवर वाद घालणारे प्रत्येक गल्लीत दोन-चार सापडतील. रविवारी सकाळी वाचनालयाच्या पायरीवर वर्तमानपत्र वाचून झाले की हा विषय हमखास निघतो. गोदीतून निवृत्त झालेले एक काका मोहम्मद अलीच्या वर कोणाचे नाव जाऊ देत नाहीत. टायसनचे भक्त वेगळे बसतात. माझा भाचा मोबाईल पुढे करून म्हणतो, "मामा, आकडा बघा. मेवेदर. पन्नास लढती, पन्नास विजय. जो हरलाच नाही त्याच्याहून मोठा कोण?"

हा रिकामटेकड्यांचा वाद आहे असे आमच्यातले काही कार्यकर्ते म्हणतात. मला तसे वाटत नाही. मोठे कोणाला म्हणायचे आणि ते कशावरून ठरवायचे, हे पोरे अशाच वादातून शिकतात. म्हणून मीही त्या पायरीवर बसतो.

मी बी.कॉम. झालेला कारकून. आकड्याला कधी नाही म्हणणार नाही. पण बेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा, असे आम्ही मानत नाही. त्यामागची व्हाउचरे काढून पाहावी लागतात. मेवेदरच्या पन्नासाव्या विजयाचे व्हाउचर काढा. ऑगस्ट २०१७, समोर कॉनर मॅकग्रेगर. हा दुसऱ्याच प्रकारच्या कुस्ती-मारामारीतला नामांकित गडी, पण व्यावसायिक बॉक्सिंगची ही त्याची पहिलीच लढत! मेवेदर निःसंशय मोठा, त्याचा बचाव भेदणे भल्याभल्यांना जमले नाही. पण पन्नासातला तो शेवटचा एक मला खात्यात धरवत नाही.

रॉकी मार्सियानोचेही तसेच. १९५६ साली निवृत्त झाला तेव्हा ४९ लढती, ४९ विजय, त्यातले ४३ नॉकआउट. हेवीवेटमध्ये असा हिशेब दुसऱ्या कोणा जगज्जेत्याचा नाही. त्यात २६ ऑक्टोबर १९५१ ची नोंद आहे, जो लुईवर आठव्या फेरीत विजय. लुई म्हणजे १९३७ ते १९४९ जगज्जेतेपद राखणारा, पंचवीस वेळा ते वाचवणारा माणूस. पण त्या रात्री तो सदतीस वर्षांचा होता आणि लढायची हौस म्हणून नव्हे, तर कराची थकबाकी डोक्यावर होती म्हणून रिंगणात परतला होता. महायुद्धाच्या काळात ज्याने आपल्या लढतींचे मानधन सैन्य आणि नौदलाच्या मदतनिधीला दिले, त्याच्याच मागे सरकारचे करखाते लागले! मार्सियानोचा यात दोष नाही. समोर जो आला त्याच्याशी तो लढला. दोष द्यायचा तर नुसता आकडा घोकणाऱ्यांना द्यावा.

वेगवेगळ्या काळातले दोघे लढले असते तर कोण जिंकले असते, हे यंत्राकडून ठरवून घेण्याचाही प्रयत्न झाला. १९६७ मध्ये अमेरिकेत कॉम्प्युटरला जुन्या-नव्या जगज्जेत्यांची माहिती पुरवून रेडिओवर काल्पनिक स्पर्धा घेतली गेली. तीत अली जिम जेफ्रीजकडून हरल्याचे जाहीर झाले. अली इतका संतापला की त्याने दावा लावला. पुढे १९६९ मध्ये त्याला आणि निवृत्त मार्सियानोला प्रत्यक्ष आणून दोघांच्या लढतीचे चित्रीकरण केले. शेवट वेगवेगळे घेऊन ठेवले होते. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतल्या थिएटरांत मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकला. युरोपात दाखवलेल्या प्रतीत अली जिंकला. यंत्र एकच, निकाल दोन. गिऱ्हाईक पाहून माल दाखवण्याचा हा प्रकार आपल्या बाजारपेठेतही चालतो.

बिचारा मार्सियानो तो निकाल पाहायलाही उरला नाही. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी विमान अपघातात तो गेला. आणि अली त्या खोट्या लढतीला तयार का झाला? कारण खऱ्या लढतीला त्याला परवाना नव्हता. २८ एप्रिल १९६७ रोजी त्याने व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला, त्याबरोबर त्याचे पद आणि परवाना दोन्ही गेले. मार्च १९६७ नंतर थेट ऑक्टोबर १९७० मध्ये तो रिंगणात दिसला. पंचविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंतची, अंगात सगळ्यात जास्त वेग असण्याची ही वर्षे. आमच्या कार्यालयीन भाषेत याला सेवाखंड म्हणतात. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली, पण गेलेली वर्षे कोणत्या न्यायालयाने भरून द्यायची?

इथेच मला भाच्याला सांगायचे असते ते येते. मी माणसांची सर्व्हिस बुके लिहिली आहेत. त्यात मिळालेल्या बढतीची तारीख असते. डावललेल्या बढतीचा रकानाच नसतो. बॉक्सिंगचे रेकॉर्ड तसेच आहे. झालेल्या लढती त्यात सापडतात. होऊ न दिलेल्या लढती कुठे लिहिलेल्या नाहीत.

१९०८ पर्यंत हेवीवेटच्या जगज्जेतेपदासाठी काळ्या माणसाला रिंगणात उभेच करत नसत. त्यांच्यासाठी वेगळे 'काळ्यांचे जगज्जेतेपद' होते. वेगळा पाणवठा म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनच्या जॅक जॉन्सनने गोऱ्या जगज्जेत्याचा, टॉमी बर्न्सचा, पाठलाग करीत ऑस्ट्रेलिया गाठली आणि २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत त्याला हरवले. मग गोऱ्यांची लाज राखायला निवृत्त जिम जेफ्रीजला परत आणले. ४ जुलै १९१० रोजी रेनो येथे पंधराव्या फेरीत तोही संपला. (यंत्राने अलीला हरवले ते याच जेफ्रीजकडून. अलीचा संताप आता कळतो.) त्या रात्री अमेरिकेतल्या अनेक शहरांत काळ्या वस्त्यांवर हल्ले झाले, माणसे मारली गेली. जॉन्सनला पुढे एका खटल्यात अडकवून तुरुंगात टाकले. त्याला माफी मिळाली ती २०१८ मध्ये, मरणानंतर बहात्तर वर्षांनी.

एवढे सगळे सोसलेल्या या माणसाने पुढे काय केले? कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाचा सॅम लँगफर्ड, उंची जेमतेम साडेपाच फुटांच्या वर, लाइटवेटपासून हेवीवेटपर्यंत सगळ्यांना भिडणारा, याला जॉन्सनने जगज्जेतेपदाची संधी दिली नाही. १९०६ मध्ये दोघे लढले होते. लँगफर्ड वजनाने बराच हलका होता, जॉन्सन जिंकला. पण पद हाती आल्यावर जॉन्सनने त्याला पुन्हा जवळ येऊ दिले नाही. पैसा गोऱ्या आव्हानवीराशी लढण्यात होता हे खरे. तरीही हे पान मला टोचते. ज्या दारातून आपण मुश्किलीने आत आलो, ते आतून कडी लावून बंद करणारा माणूस कितीही मोठा असो, त्याच्या मोठेपणातून तेवढी वजावट करावीच लागते. चौकात जॉन्सनची बाजू घेणारे मला म्हणतात, त्या काळात त्याने एकट्याने किती लढायचे? प्रश्न रास्त आहे. मी उत्तर देतो, लँगफर्डलाही विचारा.

लँगफर्डची नजर गेली तरी तो लढत राहिला. १९२२ मध्ये जवळजवळ आंधळा असताना त्याने टायगर फ्लॉवर्सला दुसऱ्या फेरीत आडवे केले. हाच फ्लॉवर्स १९२६ मध्ये मिडलवेटचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता झाला. १९४४ मध्ये एका पत्रकाराला लँगफर्ड न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये एका खोलीत सापडला. पूर्ण आंधळा, कंगाल. लोकांनी मग वर्गणी काढली. जॉन्सन १९१५ मध्ये हरल्यावर दार पुन्हा बंद झाले ते १९३७ मध्ये जो लुईने उघडेपर्यंत. मधल्या बावीस वर्षांत हॅरी विल्ससारखा माणूस जॅक डेम्प्सीशी लढायची वाट पाहत म्हातारा झाला.

तर मार्सियानो मोठा की अली? यंत्राला विचारण्यापेक्षा मी आर्ची मूरला विचारीन. दोघांशीही लढलेला हा एकच माणूस. १९५५ मध्ये त्याने मार्सियानोला दुसऱ्या फेरीत खाली पाडले आणि अखेर स्वतः हरला. १९६२ मध्ये तरुण अलीने, तेव्हाच्या कॅशियस क्लेने, त्याला चौथ्या फेरीत संपवले. मूरला स्वतःला जगज्जेतेपदाची पहिली संधी मिळायला सतरा वर्षे लागली होती, त्यामुळे वाट पाहणे म्हणजे काय हे त्याला ठाऊक होते. त्याला सर्वांत चांगला बॉक्सर कोण भेटला असे विचारले, तर त्याने नाव घेतले चार्ली बर्लीचे. हे नाव भाच्याच्या मोबाईलमधल्या एकाही यादीत नव्हते.

बर्ली पिट्सबर्गचा. १९३६ मध्ये हिटलरच्या बर्लिन ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या निवड चाचणीला त्याने नकार दिला आणि त्याऐवजी बार्सिलोनातल्या लोक-ऑलिंपिकला गेला. स्पेनमध्ये यादवी पेटल्याने ते झालेच नाही. व्यावसायिक झाल्यावर त्याने फ्रिट्झी झिविकला तीनपैकी दोनदा हरवले. १९४० मध्ये जगज्जेता मात्र झिविक झाला आणि बर्लीचा करार झिविकच्याच व्यवस्थापकाने विकत घेऊन टाकला. म्हणजे पुन्हा गाठ पडायलाच नको! शुगर रे रॉबिन्सनला सगळ्या वजनगटांत मिळून सर्वश्रेष्ठ मानतात, मीही मानतो. पण त्याची आणि बर्लीची लढत कधी झाली नाही. आपल्याहून वजनदार मूरला मात्र बर्लीने १९४४ मध्ये दहा फेऱ्यांत गुणांवर हरवले. जगज्जेतेपदाची एक लढत काही त्याला मिळाली नाही.

हातमोजे उतरवल्यावर बर्ली पिट्सबर्ग नगरपालिकेत कचरा उचलण्याच्या कामाला लागला. त्याच्या घरासमोर राहणारा एक पोरगा त्याला रोज पाहत असे. तो पुढे ऑगस्ट विल्सन या नावाने नाटककार झाला आणि त्याच्या 'फेन्सेस' नाटकातल्या कचरा उचलणाऱ्या जुन्या खेळाडूमागे बर्लीची सावली आहे. हॉल ऑफ फेममध्ये बर्लीचे नाव लागले १९९२ मध्ये आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो वारला. अठ्ठ्याण्णव लढती झाल्या त्याच्या. एकदाही कोणी त्याला नॉकआउट करू शकले नाही.