चिकातला दाणा

मामा कणसातला एक दाणा काढतात आणि अंगठ्याच्या नखानं दाबतात. पातळ पांढरं पाणी आलं तर काही न बोलता पुढच्या ताटाकडं सरकतात. घट्ट, साईसारखा चीक नखाला चिकटला की म्हणतात, "आला हुरड्यात," आणि कणीस खुडतात. नखाखाली दाणा दबलाच नाही तर ते कणीस ताटावरच राहतं. तो आता भाकरीचा दाणा झाला. निब्बर झाला. चिकापासून निब्बर होईपर्यंत त्या कणसाला मोजके दिवस मिळतात. जामखेड तालुक्यातल्या त्यांच्या काळ्या रानात मी दर जानेवारीत जातो तो या मोजक्या दिवसांसाठी.

राहायला मी पुण्यात. घराजवळ एक छोटा बार आहे. तिथं ऋतू बदलला की फळ्यावरच्या बीअरची नावं बदलतात. क्राफ्ट बीअर पुण्याला आता नवी नाही. 2009 साली इथं 'डूलाली' ही राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली. ते नाव आलंय आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत अडकलेले इंग्रज सोल्जर वेडेपिसे व्हायचे, म्हणून इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे डोकं फिरलेला.

गेल्या हिवाळ्यात त्या बारमध्ये चाखायची संध्याकाळ होती. लाकडी फळीवर चार छोटे ग्लास आणि प्रत्येकाबरोबर एकेक घास. गव्हाच्या हलक्या बीअरबरोबर ताजं पनीर, कडवट बीअरबरोबर तळलेला मासा, काळ्याभोर स्टाऊटबरोबर कडू चॉकलेट. बीअर बनवणारा मुलगा टेबलाटेबलाशी जाऊन मनापासून समजावून सांगत होता. हॉप्सचा कडवटपणा तळणीचं तेल कापतो, फेसाचे बुडबुडे जीभ धुऊन काढतात, मग पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. बोलता बोलता त्यानं बार्लीचं माल्ट माझ्या हातावर ठेवलं. मी चार दाणे चावले. गोड लागले. थोडे भाजके, आणि गोड. एकदम फुफाट्याचा वास आला मला, त्या एसी खोलीत.

मग मी त्याला विचारत बसलो. हे गोड कसं झालं? त्यानं सांगितलं ते असं. पिकलेल्या दाण्यात साखर नसते म्हटलं तरी चालेल, असतो तो सगळा स्टार्च. बार्ली भिजवतात, मटकीसारखे मोड आणतात. मोड येताना दाण्यातली विकरं जागी होतात. कोंब थोडा वर आला की भट्टीत सुकवून तो थांबवायचा. पुढं गरम पाण्यात तीच विकरं स्टार्चची साखर करतात, आणि त्या साखरेवर यीस्ट जगतं.

ऐकताना मी थक्क झालो, कारण मामांचं नख बरोबर याच्या दुसऱ्या टोकाला असतं. ज्वारीचं कोवळं कणीस पानांतून साखर ओढत असतं, आणि दाणा दिवसागणिक त्या साखरेचा स्टार्च करून साठवत असतो. हुरडा म्हणजे ते काम अर्धवट असताना मध्येच धरलेला दाणा. त्याला हूल देऊन परत गोड करावं लागत नाही, तो गोड असतानाच आपण त्याच्यापाशी पोचतो. बीअरवाला साखर परत आणतो, हुरडेवाला ती जाण्याआधी गाठतो.

गाठण्याची जागा म्हणजे आगटी. बांधाशी वीतभर खोल खड्डा घ्यायचा, त्यात गोवऱ्या पेटवायच्या आणि जाळ बसू द्यायचा. जाळावर हुरडा भाजत नाहीत, फुफाट्यात भाजतात. देठ वर ठेवून कणसं राखेत खुपसायची, मधूनमधून फिरवायची. दाणे तटतटायला लागले की काढायची. मग कणीस तळहातांत धरून चोळायचं. हात पोळतात, पण थांबलं की दाणे सुटत नाहीत. घोंगडीवर हिरवे दाणे आणि कूस एकत्र पडतात. कूस फुंकायची, दाणे तुमच्या पुढ्यात. मामांच्या हाताला दिवस मावळेपर्यंत राखेचा आणि कोवळ्या दाण्याचा असा एक वास येतो, तो साबणानं जात नाही.

पहिली मूठ नुसती खायची हा आजीचा दंडक होता. मी चटणीकडं हात नेला की म्हणायची, "आरं, आधी नुसता खा. चटणी मंग." दाण्याचं गोडपण एकदा जिभेला कळलं पाहिजे, मग बाकीचं. त्यानंतर लसूण, लाल मिरची, मीठ घातलेली कोरडी चटणी. तिखटानं तोच दाणा आणखी गोड होतो. मग शेंगदाण्याची, मग कारळ्याची, तेलकट आणि किंचित कडसर. मध्ये दह्याचा चमचा. त्याच फुफाट्यात भाजलेले हरभऱ्याचे डहाळे. बांधावरच्या बोरीची आंबट बोरं, जीभ साफ करायला. शेवटी गोडीशेव नाहीतर रेवडी, आणि त्यावर ताक. पाणी मागितलं की आजी तांब्या लांब सरकवायची. "हुरड्यावर पानी नगं, पोट फुगतंय. ताक पी." त्या मुलानं बुडबुड्यांचं सांगितलं तेव्हा मला ती बोरं आणि ते ताक दिसलं. चार ग्लासांची ती फळी मला परकी वाटली नाही.

जिथं ज्वारी कोवळी खातात तिथं तिच्या शेजारी काय ठेवायचं याचा विचार आधीच झालेला असतो. सुरतेला हुरड्याला पोंक म्हणतात, आणि तो लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर देतात. ज्वारी मूळची आफ्रिकेची, आणि तिकडं तर तिची बीअरही होते. दक्षिण आफ्रिकेतली उमकोंबोथी ज्वारीच्या माल्टची आणि मक्याची असते. गढूळ, आंबटसर, ताजी असतानाच एका भांड्यातून सगळ्यांनी मिळून प्यायची. पूर्वजांची आठवण करायच्या विधींतही ती तिथं असते. म्हणजे ज्या दाण्याला आम्ही गोवऱ्यांच्या राखेत घालतो, त्यालाच तिकडं मोड आणून मडक्यात घालतात.

आमच्याकडं हा दाणा पावसावर वाढत नाही. हस्ताचा पाऊस काळ्या मातीत मुरतो, त्या ओलीवर पेरायचं, आणि पुढं थंडी आणि दव. नगरची (अहिल्यानगर म्हणायची सवय व्हायची आहे अजून) रब्बी ज्वारी अशी कमी पाण्यावर उभी राहते, भाकर देते आणि जनावरांना कडबा देते. पण कुकडीच्या कालव्याचं पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जतकडं फिरलं आणि त्या पट्ट्यात ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला. ज्याच्या रानात पाणी आलं त्यानं ऊस लावला, त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मला वाईट वाटतं ते एवढ्याचं, की हुरडा आता बऱ्याच जणांना रस्त्याकडेच्या फलकावरून कळतो, ताटामागं दर लावून, आणि आगटीशी बसायची सवय सुटत चालली आहे.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं खास हुरड्यासाठी 'फुले मधुर' वाण काढला आहे. मामांच्या भावकीत काहींनी तो लावला, आणि तो छान आहे, मी खाल्लाय. मामांच्या मात्र मधल्या चार ओळी अजून गुळभेंडीच्या असतात. तिचा दाणा कुसातून हलकेच सुटतो, म्हणून चोळताना हात कमी पोळतात. आजीच्या काळापासून त्या चार ओळी तिथंच आहेत.

यंदा जानेवारीअखेरीस मी परत गेलो तेव्हा हुरडा संपला होता. मामांनी तरी सवयीनं दाणा दाबून पाहिला, नख कोरडं आलं. मग त्या चार ओळींतली सात-आठ टपोरी कणसं खुडून त्यांनी जुडी बांधली आणि माजघराच्या आढ्याला उलटी टांगली. पोरांना सांगून ठेवलं, हिला कुणी हात लावायचा नाही. मी खाली उभा राहून बघत होतो. त्या दाण्यांतला गोडवा आता कडक होऊन आत बसला होता. हस्त बरसला, ओल मिळाली, की मोड फुटताना दाणा पुन्हा गोड होईल.