आधीं रात्र मोजावी

कळंब गांवापासून येरमाळ्याच्या बाजूस दीडएक कोसावर आमचें वडिलोपार्जित शेत आहे. शाळेंतून निवृत्त झाल्यावर आम्ही सहकुटुंब तेथें राहावयास गेलों. पुतण्यानें नोकरी सोडून शेती हातीं घेतली होती; शिवाय थोरल्या वहिनींस शेतांतील मोकळी हवा मानवेल असें वाटलें. आमच्या मातोश्री गेल्यावर याच वहिनींनीं आम्हांस लहानाचें मोठें केलें. त्यांस दम्याचा जुनाट विकार आहे. घर चांगलें झालें, विहिरीस पाणी लागलें. वीज मात्र नव्हती. जवळचा खांब इतका दूर कीं, तेथून तार आणण्याच्या खर्चाचा अंदाज ऐकून आम्ही गप्प बसलों आणि सूर्यनारायणाकडे वळलों.

हल्लीं पुष्कळ गृहस्थ आम्हांस विचारतात, "मास्तर, सोलर घ्यावयाचें तर आरंभ कोठून करावा?" त्यांस उत्तर देण्यापूर्वीं आमचा आरंभ कसा चुकला तें सांगणें प्रामाणिकपणाचें होईल.

आरंभीं आम्ही फार खुशींत होतों. पन्नास वर्षें रोज सकाळीं सूर्यास अर्घ्य देत आलों. आतां तोच घरांत दिवे लावणार! प्लेटा बसविण्यास जो तरुण वायरमन आला त्यास आम्हीं आमची विद्याही दाखविली. जुन्या ज्योतिषांत पलभा म्हणून एक माप आहे. विषुवदिनीं माध्यान्हीं बारा अंगुळांच्या शंकूची जी छाया पडते ती पलभा. कळंबचे अक्षांश सुमारें साडेअठरा. म्हणून येथील पलभा चार अंगुळें. प्लेटा दक्षिणाभिमुख ठेवून अक्षांशाइतक्या कलत्या केल्या म्हणजे वर्षभराचें ऊन बरें सांपडतें. अर्थात् बुडाशीं तीन हात अंतर असेल तर मागली कड एक हात उचलावी. वायरमनानें आपला मोबाइल प्लेटेवर ठेवून कोन पाहिला. तो साडेअठराच निघाला. "मास्तर, तुमचें पुस्तक जुनें, पण हिशोब बरोबर," असें तो म्हणाला, आणि आमची छाती फुगली.

परंतु हिशोब बरोबर नव्हता. आम्हीं सूर्य मोजला होता. रात्र मोजलीच नव्हती.

प्रत्येकी ३३० वॉटच्या तीन प्लेटा आम्हीं घेतल्या आणि बॅटरी घेतली एक. प्लेटा छपरावर झळकतात, येणारा-जाणारा विचारतो. बॅटरी बिचारी कोपऱ्यांत दडून बसते. दिसणाऱ्या वस्तूवर खर्च करण्याची हौस मनुष्यास असतेच. वैशाखापर्यंत सारें यथास्थित चाललें. आषाढ लागला, आणि दोन दिवस आभाळ असें भरून आलें कीं दिवसां घरांत दिवा लावावा लागला. त्यांतच क्रिकेटचा सामना होता. नातवंडें दूरदर्शन संचापुढें बसलीं आणि आम्हीही त्यांच्यामागें बसलों, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. रात्रीं तिन्ही पंखे नेहमीप्रमाणें चालू राहिले.

दोनच्या सुमारास वहिनींस दम लागला. सूनबाईनें वाफेचें यंत्र लावलें. तें पांच मिनिटें घरघरलें आणि थांबलें. पंखे थांबले, दिवे गेले. त्या अंधारांत वहिनींच्या श्वासाचा जो शब्द ऐकूं येत होता तो आम्ही जन्मांत विसरणार नाहीं. पुतण्यानें मोटार काढली. पावसांत, चिखलांत दोनदां चाक रुतलें. कळंबच्या दवाखान्यांत पोहोंचेपर्यंत वहिनींचे ओठ काळेनिळे पडले होते. ईश्वरकृपेनें उपाय लागू पडला. सकाळीं आम्ही अपराध्यासारखे खाटेजवळ उभे होतों. वहिनींनीं डोळे उघडले आणि क्षीण स्वरानें म्हणाल्या, "भावजी, सूर्य रात्रीं मावळतो हें मला अडाणीलाही ठाऊक होतें. तुम्ही तर शाळेंत शिकवीत होतां."

घरीं येतांच आम्हीं माळ्यावरील जुना फळा काढला आणि सर्व मंडळींसमोर त्यावर हिशोब मांडला. वॉट गुणिले तास. हजार झाले कीं एक युनिट. आमची बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची. म्हणजे कागदोपत्रीं १.८ युनिट. शिशाच्या बॅटरीचें आयुष्य टिकवावयाचें तर त्यांतील अर्धेंच काढावें. म्हणजे हातीं ०.९. इकडे ७५ वॉटचे तीन जुने पंखे आठ तास फिरविले कीं १.८ युनिट उडालें. उत्पन्न नऊ आणे आणि खर्च अठरा आणे! असा संसार एखाद्या कारकुनानें केला असता तर आम्हींच त्यास उपदेश केला असता.

मग क्रम उलटा केला. आधीं रात्रीची गरज लिहिली. नव्या तऱ्हेचे, ३० वॉटमध्यें चालणारे तीन पंखे, आठ तास: ७२० वॉट-तास. नऊ वॉटचे सहा दिवे, चार तास: २१६. वाफेचें यंत्र आणि मोबाइल मिळून सुमारें १००. एकूण एक युनिटाच्या थोडें वर. इन्व्हर्टरांतील गळती धरून सव्वा ते दीड. यावरून बॅटऱ्या ठरल्या: १५० अँपिअर-तासांच्या दोन. जुनी व नवी यांची जोडी करूं नये, दुबळी सबळीस खालीं ओढते, म्हणून दोन्ही नव्या घेतल्या आणि जुनी गोठ्यांतील दिव्यास दिली. मिक्सर, इस्त्री, दूरदर्शन यांस दिवसाचीच मुभा. सूर्य माथ्यावर असतां प्लेटांतून येणारी वीज तिथल्या तिथें वापरावी, ती बॅटरींत घालून काढण्यांत तोटाच असतो. फ्रिज घेतलेला नाहीं. वहिनींसाठीं स्वतःच्या बॅटरीवर चालणारें लहान यंत्र निराळें आणलें. तें भरलेलें आहे कीं नाहीं हें आम्ही रोज दिवेलागणीस स्वतः पाहतों.

बॅटरीनंतर प्लेटांचा विचार. स्वच्छ दिवशीं एक किलोवॉटच्या प्लेटा आमच्याकडे चारएक युनिटें देतात. दाट अभ्रांत तीच गोष्ट एका युनिटावर येते. म्हणून माप चैत्राचें न घेतां आषाढाचें घ्यावें, आणि चौथी प्लेट त्याच न्यायानें आली. पुष्कळांचा समज असा कीं ऊन कडक तितकी वीज अधिक. तसें नाहीं. प्लेट तापली कीं प्रत्येक अंशामागें तिची शक्ति शेंकडा सुमारें एकतृतीयांशानें घटते, आणि वैशाखांत ती साठ अंशांपर्यंत तापते. म्हणून खालून वारा खेळेल अशी उंची ठेवावी. आमच्या अंगणांतील वडिलांच्या हातच्या निंबाची सावली दुपारीं एका प्लेटेच्या कोपऱ्यावर पडे. प्लेटा सांखळीसारख्या जोडलेल्या असतात, त्यामुळें एकीवरील सावली साऱ्यांस बाधते. निंब तोडावा असें कोणी सुचविलें. आम्हीं प्लेटाच विहिरीकडील मोकळ्या जागेंत नेल्या.

बॅटऱ्या देवघराजवळ किंवा चुलीजवळ ठेवूं नयेत. भरतांना त्यांतून ज्वालाग्राही वायु सुटतो. जवळ नंदादीप नको. हवेशीर जागा पाहावी आणि त्यांत शुद्ध केलेलें पाणीच घालावें. आमच्या भागांत वळवाच्या पावसांत विजा पडतात, तेव्हां अर्थिंग केल्यावांचून काम पुरें झालें असें समजूं नये.

सरकारी साहाय्याविषयींही गैरसमज फार. फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेंत ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळतें. परंतु तें वीज कंपनीच्या तारेशीं जोडलेल्या घरांस. आमच्यासारख्या तुटक वस्तीस तें लागू नाहीं. गांवांतील वाचकांनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं, तारेशीं जोडलेला साधा संच तारेंतील वीज गेली कीं आपणही बंद पडतो. खांबावर दुरुस्ती करणाऱ्यास धक्का बसूं नये म्हणून तशी योजनाच असते. महाराष्ट्र शासनाच्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेंत सर्वसाधारण शेतकऱ्यास किमतीचा दहावा व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास विसावा हिस्सा भरावा लागतो. पण तो संच पंपासाठीं, घरासाठीं नव्हे.

१९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत सिलिकॉनचा जो पहिला उपयुक्त सौरघट दाखविण्यांत आला तो उन्हांतील शेंकडा सहा भागांची वीज करी. आज बाजारांतील चांगली प्लेट शेंकडा वीसहून अधिक करते. शास्त्रज्ञांनीं आपलें काम केलें आहे. राहिलें तें गृहस्थाचें. तारेची वीज घेणारा महिन्याच्या शेवटीं बिल पाहतो. आम्हांस रोज पाहावें लागतें. घरांतील रोजकीर्दींत आतां दूध आणि भाजी यांच्याखालीं धाकटा नातू बॅटरीचा आंकडा लिहितो, आणि आंकडा खालीं आला कीं न सांगतां आपल्या खोलींतील दिवा मालवून आमच्यापाशीं येऊन बसतो.

गेल्या आषाढांत पुन्हां तीन दिवस सूर्यदर्शन झालें नाहीं. तिसऱ्या रात्रीं वहिनींस दम लागला. यंत्र पुरीं पंधरा मिनिटें चाललें. आम्ही दारांत उभे होतों. वहिनींनीं तोंडावरील नळी काढली, आमच्याकडे पाहिलें आणि म्हणाल्या, "झोपा आतां, भावजी. आज हिशोब जुळला."